हिमनदीच्या पायथ्याचा वारा

लडाखची सहल करून आलेल्या कोणाच्याही मोबाईलमध्ये एक फोटो हमखास सापडतो. नुब्रा भागातलं हुंडर गाव, मागे बर्फाची शिखरं आणि पुढे वाळूच्या टेकड्यांवरून चालणारा दोन वशिंडांचा उंट. उंटाचं कौतुक सगळेच करतात. माझ्या मते खरं नवल आहे ते त्याच्या पायाखालच्या वाळूचं. समुद्रसपाटीपासून ३ हजार मीटरहून अधिक उंचीवर, हिवाळ्यात पाणी गोठून जाणाऱ्या प्रदेशात, एवढी वाळू आली कुठून? राजस्थानातून ती उडून आलेली नाही. ती तिथल्याच डोंगरांची आहे. सियाचिन हिमनदीतून नुब्रा नदी निघते, रिमो हिमनदीच्या बाजूने श्योक येते आणि दिस्कितजवळ दोघी एकत्र होतात. त्यांच्या रुंद पात्रातून दुपारचा वारा सुटला की वाळू हलायला लागते.

आज बोलायचं आहे ते बर्फाच्या कडेला काम करणाऱ्या या वाऱ्याविषयी. शाळेच्या भूगोलात हिमनदीचं कार्य एका धड्यात येतं आणि वाऱ्याचं कार्य दुसऱ्या. हिमनदी म्हटलं की ‘यू’ आकाराची दरी आणि हिमोढ, वारा म्हटलं की वाळवंट आणि बारखाण. परीक्षेपुरती ही वाटणी सोयीची आहे. जमिनीवर मात्र दोघांचं काम सलग चालतं. हिमनदी जे दळते त्याचं पुढे काय होणार, हे फार मोठ्या प्रमाणावर वारा ठरवतो.

आधी दळण्याचं पाहू. हिमनदीच्या तळाशी दगडगोटे अडकलेले असतात. वरून शेकडो मीटर जाडीच्या बर्फाचा भार आणि पुढे सरकण्याची गती, यामुळे ते तळखडकावर घासले जातात. खडक झिजतो, गोटेही झिजतात. यातून घराएवढ्या धोंड्यापासून मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या कणापर्यंत सगळं एकत्रच तयार होतं. बर्फ निवड करत नाही, सगळा माल कडेला आणून टाकतं. मग वितळलेलं पाणी त्यातला बारीक भाग उचलून दरीभर पसरवतं. श्योकचं उन्हाळ्यातलं पाणी राखाडी, गढूळ दिसतं ते या भुकटीमुळे.

वर्षाचा क्रम इथे महत्त्वाचा आहे. ऐन उन्हाळ्यात पात्रं भरलेली असतात, तेव्हा वाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शरद ऋतूत वर बर्फ वितळायचं थांबतं, पाणी झपाट्याने ओसरतं आणि मैलोन् मैल उघडा, सुटा गाळ मागे राहतो. त्यावर गवत नसतं आणि हिवाळ्याचं बर्फही अजून पडलेलं नसतं. अलास्कातल्या कॉपर नदीच्या मुखाशी याच दिवसांत, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, दरीतून सुटणारा थंड वारा हिमनद्यांची ही धूळ समुद्रावर लोटतो. उपग्रहाच्या छायाचित्रात तिचे राखाडी पट्टे किनाऱ्यापासून कितीतरी आत गेलेले दिसतात. त्या धुळीत लोह असतं, आणि अलास्काच्या आखातातल्या सूक्ष्म वनस्पतींना त्याचीच वानवा असते.

वारा मात्र येतो कुठून? बर्फाच्या मोठ्या विस्ताराजवळ तो बऱ्याच अंशी बर्फच तयार करतं. बर्फाला टेकलेली हवा अतिशय थंड होते, थंड म्हणून जड होते आणि उताराने खाली वाहू लागते. उणे ४० अंशांची हवा आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेपेक्षा, दाब सारखा असेल तर, सुमारे ३० टक्के जड भरते. म्हणजे वेग तोच असला तरी थंड प्रदेशातल्या वाऱ्याचा धक्का अधिक जोराचा असतो. अंटार्क्टिकाच्या पठारावरून किनाऱ्याकडे उतरणारे वारे असे आहेत. ऑस्ट्रेलियन संशोधक डग्लस मॉसनच्या मोहिमेने १९१२ साली तिथल्या किनाऱ्यावर केप डेनिसनला तळ टाकला आणि जगातल्या सर्वांत वादळी जागांपैकी एक जागा निवडली गेल्याचं त्यांना मागाहून उमगलं. तिथे वाऱ्याची वर्षाची सरासरीच ताशी ७० किलोमीटरच्या आसपास आहे. मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली याच्या छायाचित्रांत माणसं वाऱ्यावर अंग टाकून, तिरकी होऊन बर्फ फोडताना दिसतात.

मॉसनने लिहून ठेवलेली एक नोंद मला फार मोलाची वाटते. तळावर कुत्र्यांच्या गंजलेल्या साखळ्या बाहेर पडल्या होत्या. वाऱ्याबरोबर येणाऱ्या बर्फकणांच्या माऱ्याने काही दिवसांत त्यांचा गंज जाऊन त्यांना चकाकी आली. वाऱ्याच्या तोंडाशी असलेल्या एका लाकडी खोक्यावरचा रंग पार उडाला, आणि पंधरवड्यात त्याच्या लाकडातला मऊ भाग सुमारे ३ मिलिमीटर खोल कोरला गेला. गाठीचे कठीण तंतू तेवढे वर उठून राहिले. हे सगळं नुसत्या बर्फाच्या कणांनी केलं. त्यात वाळू असती तर काय झालं असतं, हे पाहायचं तर अंटार्क्टिकातच, मॅकमर्डो भागातल्या कोरड्या दऱ्यांकडे जायला हवं.

ब्रिटिश संशोधक कॅप्टन स्कॉट १९०३ च्या डिसेंबरात यातल्या एका दरीत उतरला तेव्हा बर्फाच्या खंडात बर्फाविना उघडी पडलेली जमीन पाहून चकित झाला होता. जेमतेम पडणारं बर्फ वारा टिकूच देत नाही. तिथे जमिनीवर काळे डोलेराइटचे दगड विखुरलेले आहेत. डोलेराइट हा आपल्या बेसॉल्टचाच सख्खा भाऊ आहे. धुळे-नंदुरबारकडे माळावर भिंतीसारख्या लांबच लांब उभ्या दिसणाऱ्या काळ्या खडकाच्या रांगा पुष्कळशा त्याच्याच आहेत. आपल्याकडे तो ऊन-पावसाने कुजतो, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो आणि गोल होत जातो. तिथे पाऊसच नाही. तिथला दगड गोल होण्याऐवजी धारदार होतो. वाऱ्याच्या अंगाची बाजू घासून सपाट, गुळगुळीत होते, हात फिरवावासा वाटावा इतकी. काही काळाने दगड कलंडतो किंवा वाऱ्याची दिशा बदलते, मग दुसरी बाजू घासली जाते. दोन सपाट बाजू भेटतात तिथे सरळ, तीक्ष्ण कड तयार होते. काही दगडांना अशा तीन कडा असतात. काहींच्या अंगावर एकाच दिशेने कोरलेल्या पन्हळी असतात. अशा पुष्कळ दगडांची तोंडं मोजली, की वारा कोणत्या बाजूने येत असे हे सांगता येतं. जर्मनी-पोलंडच्या मैदानांत असे दगड मातीत सापडतात. आज तिथे शेतं आहेत. एके काळी तिथे बर्फाची कड होती आणि उघड्या जमिनीवर वाळू धावत होती, याची साक्ष ते दगड देतात.

कोरण्याचं काम जमिनीलगतच अधिक का होतं, याचं उत्तर राल्फ बॅगनॉल्ड या इंग्रज लष्करी अभियंत्याच्या १९४१ सालच्या ग्रंथात सापडतं. वाळूचा कण हवेत तरंगत नाही. तो उडी मारतो, पडतो आणि पडताना दुसऱ्या कणांना उडवतो. या उड्या बहुतेक गुडघ्याच्या आतल्या असतात. अगदी बारीक धुळीचे कण मात्र एकमेकांना चिकटून बसतात, नुसत्या वाऱ्याने सहजी सुटत नाहीत. वाळूच्या कणाने धडक दिली की ते उसळतात आणि एकदा वर गेले की दिवसेंदिवस खाली येत नाहीत. म्हणून हिमनदीने एकत्र आणून टाकलेला माल वारा वेगवेगळा करतो. खळ्यावर तिवईवर उभं राहून उपणताना दाणे पायाशी पडतात आणि भुसकट लांब जातं, तसंच हे आहे. गोटे जागेवर राहतात, वाळू जवळपास टेकड्या करून बसते, धूळ लांबच्या मुलखाला जाते.

वाळूच्या टेकड्यांविषयी थोडंच सांगतो. थंड प्रदेशातल्या वालुकागिरीत वाळूबरोबर बर्फही असतं. मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांपैकी व्हिक्टोरिया व्हॅलीतल्या टेकड्या खणल्या तर आत बर्फाचे थर सापडतात आणि ओली वाळू गोठून घट्ट झालेली असते. उन्हाळ्यात समुद्राकडून आणि हिवाळ्यात पठारावरून, असा उलटसुलट वारा वाहत असल्याने त्या टेकड्यांचे माथे ऋतूप्रमाणे कूस बदलतात. जिथे असं गाडलेलं बर्फ पुढे वितळतं, तिथे वरची वाळू खचते आणि पृष्ठभागावर खळगे आणि भेगा उरतात. जुन्या वाळूच्या थरात अशा खुणा दिसल्या की अभ्यासक ती थंडीच्या काळातली वाळू म्हणून ओळखतात.

वाऱ्याने लोटून आणलेल्या बर्फाचा अनुभव भारताला चांगलाच आहे. आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम सागरशास्त्रज्ञ डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. पुढे उभारलेला ‘दक्षिण गंगोत्री’ तळ तरंगत्या हिमफळीवर होता. बर्फ साचत, लोटत गेलं, तळ गाडला जाऊ लागला आणि १९९० साली तो सोडावा लागला. ‘मैत्री’ खडकावर बांधलं गेलं. २०१२ मध्ये सुरू झालेलं ‘भारती’ खांबांवर उचलून धरलं आहे, वारा खालून निघून जावा आणि भिंतीला बर्फाचे ढीग लागू नयेत म्हणून. या तळांचा कारभार गोव्यातल्या वास्को-द-गामाच्या राष्ट्रीय ध्रुवीय केंद्रातून चालतो.

आता धुळीकडे वळतो, कारण माझ्या लेखी या सगळ्यात सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. ऱ्हाईनच्या खोऱ्यात पिवळसर, मऊ, कुठेही थर न दिसणाऱ्या मातीचे कडे आहेत. त्या मातीला लोएस म्हणतात. चार्ल्स लायेलसारख्या थोर भूशास्त्रज्ञाला १८३० च्या दशकात ती नदीच्या पाण्याने साचलेली वाटली. त्या काळी ते साहजिकही होतं. मग जर्मन भूगोलतज्ज्ञ फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन चीनमध्ये हिंडला आणि १८७७ साली त्याने ठामपणे मांडलं की ही माती वाऱ्याने आणली आहे. चीनमधल्या लोएसचा बराच भाग वाळवंटांकडून आलेला आहे, ही गोष्ट वेगळी. पण वाऱ्याचं त्याचं म्हणणं टिकलं. त्याला पुरावा कशाचा, तर इतर गोष्टींबरोबर गोगलगायींचा. मातीत अखंड सापडणारे ते नाजूक शंख पाण्यातल्या नव्हे, तर जमिनीवर, गवतात राहणाऱ्या गोगलगायींचे आहेत. वरून धूळ अलगद पडत होती आणि खाली गवत वाढत होतं, गोगलगायी चरत होत्या.

अमेरिकेत आयोवा राज्यात मिसूरी नदीच्या पूर्व काठाने लोएसच्या टेकड्यांची रांग आहे, काही ठिकाणी ६० मीटर जाड. हिमयुगात उन्हाळ्यात नदी गाळ पसरवायची, पाणी आटलं की पश्चिमेचा वारा तो उचलायचा. म्हणून काठाशी थर सर्वांत जाड आहे आणि पूर्वेकडे जावं तसा तो पातळ होत जातो, कणही बारीक होत जातात. आपल्या दख्खनची काळी माती बव्हंशी इथल्याच खडकाची झाली. आयोवाच्या मक्याखालची, युक्रेनच्या गव्हाखालची माती मात्र मोठ्या प्रमाणात हवेतून आली आहे. ती सुपीक आहे, कारण दळून ताज्या केलेल्या खडकातली खनिजं तिच्यात शाबूत आहेत, आणि कणांमधल्या मोकळ्या जागेत ती पाणी धरून ठेवते.

आपल्या देशात ही माती पाहायची तर काश्मीरला जावं. पांपोरला केशर पिकतं ते करेवा नावाच्या सपाट पठारांवर. त्यांच्या खालच्या भागात जुन्या सरोवराचा गाळ आहे आणि माथ्यावर ठिकठिकाणी लोएसचा थर पसरला आहे. श्रीनगरजवळ बुर्झहोमला नवाश्मयुगातली माणसं या मातीत खड्डे खणून राहत होती. उत्खननात सापडलेला सर्वांत मोठा खड्डा जवळजवळ ४ मीटर खोल आहे, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. भिंतींवर दगडी हत्यारांचे घाव अजून दिसतात. दगडाच्या हत्याराने खणता यावी इतकी मऊ आणि तरीही उभी कापली तर ढासळत नाही, हा लोएसचा खास गुण त्या लोकांनी पुरता ओळखला होता.

याच गुणामुळे आज ती धोक्यात आहे. वीटभट्ट्यांसाठी, रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या भरावांसाठी करेवांचे कडे उभे कापून नेले गेले आहेत. अशा कापलेल्या कड्यात फिकट पिवळ्या मातीत मधूनच गडद तपकिरी पट्टा दिसतो. फिकट थर म्हणजे थंडीचा, धुळीचा काळ. गडद पट्टा म्हणजे धूळ मंदावली, उबदारपणा वाढला आणि गवत-झाडांखाली माती मुरली तो काळ. असे पट्टे एकावर एक आहेत, आणि काश्मीरच्या हवामानाचा हजारो वर्षांचा इतका सलग लेख दुसरीकडे मिळणं कठीण आहे. केशराची शेती आणि हा लेख, दोन्ही एकाच मातीत आहेत. भरावासाठी दुसरा मुरूम शोधता येईल. करेवांचे निवडक कडे नकाशावर नोंदवून, तिथलं खोदकाम थांबवून ते राखायला हवेत, आणि हे काम भूशास्त्रज्ञांनी केशर पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना सोबत घेऊनच करावं लागेल.