ढगाळ हवा, पिवळं पान आणि कॅमेऱ्याची सेटिंग

आजचा विषय आहे आभाळ भरून आलेलं असताना फोटो कसा काढायचा. धबधबे, धुकं यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे आमच्या कुंभार पिंपळगावच्या शिवारातल्या फोटोबद्दल. म्हणजे सोयाबीनचं, कपाशीचं, मोसंबीचं पान. पावसाळ्यात हा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून सहायक कृषी अधिकाऱ्याकडे, नाहीतर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांकडे जातो, आणि पुढची फवारणी त्यावर ठरते. रंग चुकला तर सल्ला चुकू शकतो.

आता बघा, सोयाबीनची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता असू शकते. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राची. पिवळे-हिरवे ठिपके विस्कळीत पसरलेले असतील तर पिवळा मोझॅक, जो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. सगळं ‘पिवळंच’, पण उपाय वेगवेगळे.

ढगाळ उजेडाचा एक फायदा आहे. तो चहूबाजूंनी येतो, कडक सावली पडत नाही, पान चमकत नाही. अडचण रंगाची. उन्हाचा रंग साधारण ५५०० केल्विन धरतात, ढगाळ उजेडाचा ६५०० ते ७५००, म्हणजे निळसर. कॅमेऱ्यातलं ‘क्लाउडी’ सेटिंग ते भरून काढायला पिवळेपणा वाढवतं. माणसाच्या चेहऱ्याला ते छान दिसतं. पण आभाळ पातळ असेल तर निरोगी पानही पिवळट दिसायला लागतं.

मग ऑटो ठेवायचं का? ऑटोचं साधं गणित असं, की चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी यायला हवी. चौकट हिरव्या पानांनीच भरली, की ते हिरवा रंग कमी करायला बघतं. हल्लीचे फोन जास्त हुशार आहेत, पण पूर्ण भरवसा ठेवू नका. सोपा उपाय म्हणजे पानाशेजारी साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा धरा. बघणाऱ्याला कागद निळा दिसतोय का पिवळा ते कळतं, त्यावरून पानाचा रंग ताडता येतो. फक्त कागद पांढराफटक जळू देऊ नका. जळाला तर एक्सपोजर थोडं कमी करा.

दुसरी गोष्ट, चौकटीत आभाळ घेऊ नका. ढगाळ आभाळ शेतापेक्षा खूप उजळ असतं. त्याच्या हिशोबाने कॅमेरा फोटो अंधारा करतो. शेताचा मोठा फोटो हवाच असेल तर स्क्रीनवर पिकावर बोट ठेवा, किंवा एक्सपोजर अधिक १ करा.

तिसरी गोष्ट वारा. मोठा कॅमेरा असेल तर जुना ठोकताळा असा: भर उन्हात एफ/१६, ढगाळ हवेत एफ/८, आणि शटर आयएसओइतकं. आयएसओ १०० ला शटर १/१०० येतं, त्यात हलणारं पान पुसट होतं. आयएसओ ४०० करा, शटर १/४०० मिळेल. थोडे दाणे दिसले तरी चालतील, शिरा स्पष्ट दिसायला हव्यात. फोनचं छिद्र मोठं असतं, त्यामुळे उघड्या रानात उजेड पुरतो. मोसंबीच्या झाडाखाली मात्र पुरत नाही, शिवाय वरच्या पानांतून येणारा उजेड हिरवट असतो. फांदी सावलीबाहेर ओढून फोटो घ्या. पान हलत असेल तर एचडीआर बंद ठेवा, कारण त्यात अनेक फोटो एकावर एक जोडले जातात.

फोटो तीन काढा: पूर्ण झाड, रोगट पान झाडावर कुठे आहे ते, आणि पान अगदी जवळून. पानाची मागची बाजूही घ्या, पांढरी माशी तिथेच बसते. फिल्टर लावू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फोटो दाबला जात नाही, बारीक ठिपके शाबूत राहतात.

पुढच्या वेळी आभाळ आलं की शेतात जाताना खिशात कागदाचा तुकडा टाका. एवढंच. भेटू पुढच्या भागात.