जांभळाचे बी वाट पाहत नाही
(टी. टी. नगर, भोपाळ येथे मराठी भाषक रहिवाशांसमोर दिलेले भाषण)



तात्या टोपे यांचे नाव धारण करणाऱ्या या नगरात मराठीतून बोलण्याची संधी मिळाली, याचा मला आनंद वाटतो. १९५६ साली भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि शासकीय सेवकांच्या निवासासाठी हे नगर वाढीस लागले. त्या जुन्या निवासस्थानांभोवतीची झाडे आपणापैकी अनेकांनी लहानपणापासून पाहिली असतील. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेच्या कामात ती घरे गेली आणि त्यांबरोबर कितीतरी मोठी झाडेही गेली. नवी झाडे लावावीत, ही इच्छा आज सर्वांच्याच मनात आहे. परंतु झाड लावणाऱ्यास बीजाचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. म्हणून जांभळाच्या बियांविषयी चार शब्द बोलावे, असे मी योजिले आहे.

जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरी ही झाडे दिसावयास परस्परांहून अगदी भिन्न. तरीही वनस्पतिशास्त्र त्यांना मिर्टेसी, म्हणजेच जंबुल कुलात, एकत्र बसविते. पेरूचे वा जांभळाचे कोवळे पान उजेडासमोर धरले, तर त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या सुगंधी तेलाच्या ग्रंथी होत. हीच या कुलाची खूण.

कुल एक असले, तरी बियांची प्रकृती मात्र एक नाही. निलगिरीचे बी अत्यंत बारीक असते. वाळवून बंद डब्यात थंड जागी ठेवल्यास ते वर्षानुवर्षे जिवंत राहते. पेरूचे बी टणक आवरणामुळे रुजावयास वेळ घेते, पण वाळवून ठेवता येते. जांभूळ व लवंग यांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. त्यांचे बी वाळले की मरते.

१९७३ साली ई. एच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने साठवणुकीच्या दृष्टीने बियांचे दोन वर्ग सांगितले. पहिल्या वर्गातील बी पक्व होताना आपले पाणी टाकून देते, आतील जीवनक्रिया मंदावते आणि ते जणू निद्रिस्त होते. गहू, ज्वारी, हरभरा ही याची नित्याची उदाहरणे. दुसऱ्या वर्गातील बी ओलेच गळून पडते. त्याची जीवनक्रिया थांबलेलीच नसते. ते रुजण्याच्या वाटेला आधीच लागलेले असते. त्यातील पाणी आटले की पेशींची सूक्ष्म आवरणे विस्कटतात, आणि ते गोठविले तर आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फुटतात. जांभूळ या दुसऱ्या वर्गातले. उघड्यावर पडलेल्या त्याच्या बियांची रुजण्याची शक्ती काही आठवड्यांतच संपुष्टात येते.

यात निसर्गाची व्यवस्था आहे. जांभळे पिकतात ती पावसाच्या तोंडावर. फळ गळते, पक्षी व वटवाघळे ते दूरवर नेतात, आणि बी पडते त्या वेळी जमीन ओली झालेली असते. मग त्याने साठवणुकीची तरतूद कशासाठी करावी? महाबळेश्वरच्या सदाहरित रानात जांभूळ हा प्रमुख वृक्ष आहे, तो याच क्रमाने टिकून राहिला.

आपल्या कार्यक्रमांचा क्रम मात्र निराळा असतो. कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा हा रोपे लावण्याचा आठवडा ठरला आहे. २ जुलै २०१७ रोजी याच राज्यात नर्मदेच्या खोऱ्यात एका दिवसात कोट्यवधी रोपे लावण्याची मोहीम झाली. नेमक्या याच दिवसांत जांभळाचे बी पेरावे लागते. सर्वांचे लक्ष गेल्या वर्षीच्या रोपांकडे असताना पुढील वर्षाची रोपे पायदळी तुडविली जात असतात. प्रसिद्धीच्या कामातील माणूस म्हणून मी असे सुचवीन की, रोपे लावण्याच्या आवाहनाबरोबरच बी पेरण्याचे आवाहनही त्याच आठवड्यात व्हावे.

कृती सोपी आहे. निरोगी झाडाखालची पूर्ण पिकलेली फळे गोळा करावीत. गर धुऊन काढावा. बी उन्हात घालू नये. सावलीत वरचे पाणी निथळू द्यावे आणि शक्यतो त्याच दिवशी, फार तर दोन-चार दिवसांत, माती व कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरावे. बाहेरगावी न्यावयाचे असल्यास ओलसर भुशात ठेवावे. सुमारे दोन आठवड्यांत कोंब दिसू लागतात. एका बीमधून पुष्कळदा दोन, तीन किंवा अधिक रोपे निघतात. कारण त्यात एकाहून अधिक गर्भ असतात. त्यांतील जोमदार रोप ठेवावे व इतर काढून टाकावीत. पुढच्या पावसाळ्यात ते लावणीस योग्य होते.

शेवटी एकच गोष्ट. धान्याचे वाण आपण शीतगृहातील बीजपेढीत जपून ठेवू शकतो. जांभळासाठी अशी साधी पेढी नाही. ज्या झाडाचे फळ मोठे, गर भरपूर, ते झाड तोडले आणि त्या वर्षी त्याचे बी पेरले गेले नाही, तर तो वाण पुन्हा कोणत्याही कोठारातून काढता येणार नाही. उभे झाड हीच त्याची बीजपेढी. या नगरात जी जुनी जांभळे अद्याप उभी आहेत, त्यांची नोंद ठेवा, त्यांना जपा, आणि पहिल्या पावसात त्यांच्याखाली पडलेले बी उचलून पेरा.