मराठी नोंदी : यादीपासून डेटाबेसपर्यंत

(अकादमीच्या शिक्षक-विद्यार्थी कार्यशाळेतील व्याख्यानाचा मजकूर)



साहित्याच्या व्यासपीठावर एक्सेल शिकवणाऱ्या माणसाला बोलावले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी बडोद्याचा. पोटापाण्यासाठी डेटा ॲनालिस्ट, म्हणजे तक्त्यांमधल्या आकड्यांतून अर्थ काढणारा. गेली काही वर्षे बृहन्महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी वाचनालयांच्या ग्रंथयाद्या संगणकावर आणण्याच्या कामात हातभार लावतो आहे. त्या अनुभवावरून एकच गोष्ट सांगायची आहे. संगणकात नोंद करणे हे भाषेचेच काम आहे. भाषा जाणणाऱ्यांनी ते हाती घेतले नाही, तर पुस्तक कपाटात असूनही हरवते.

हरवते म्हणजे काय? एखादी विद्यार्थिनी यादीत ‘गडकरी’ असा शोध घेते. तिला ‘एकच प्याला’ मिळते, पण ‘वाग्वैजयंती’ मिळत नाही, कारण तिथे लेखक म्हणून ‘गोविंदाग्रज’ लिहिले आहे. विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाखाली आहेत. आपल्याला ठाऊक आहे की ही तिन्ही नावे राम गणेश गडकऱ्यांचीच. संगणकाला ते कोणीतरी सांगावे लागते. सांगितले नाही, तर त्याच्या हिशेबी ते तीन लेखक आहेत, आणि वाचनालयात कोणाची किती पुस्तके आहेत या प्रश्नाचे उत्तर तो बिनदिक्कत चुकीचे देतो.

आता पायरीपायरीने जाऊ. पहिली पायरी तक्त्याची. मी मुलांना सांगतो की तक्त्यातली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचता आली पाहिजे. ‘दाखल क्रमांक ४१२ चे पुस्तक अमुक नावाचे आहे, तमुकाने लिहिले आहे आणि अमुक साली छापले आहे.’ ओळ म्हणजे एक विधान. ते सरळ वाचता येत नसेल, तर मांडणीत गडबड आहे. आपल्या बहुतेक याद्यांत ही गडबड सापडते. मध्येच चार सेल जोडून ‘नाटके’ असा मथळा दिलेला असतो. पानाच्या तळाशी ‘एकूण’ असते आणि पुढच्या पानावर यादी पुन्हा सुरू होते. हरवलेल्या पुस्तकांच्या ओळी पिवळ्या रंगवलेल्या असतात. माणसाला हे सगळे कळते, पण यादी डेटाबेसमध्ये गेली की रंग मागे राहतो. म्हणून ‘स्थिती’ असा वेगळा रकाना करावा आणि त्यात ‘उपलब्ध’, ‘हरवले’, ‘फाटके’ यांपैकी एक शब्द लिहावा. एका सेलमध्ये एकच गोष्ट. ‘२ प्रती, एक फाटकी’ या एका सेलमध्ये दोन प्रतींच्या दोन नोंदी दडलेल्या आहेत. एक ओळ पुस्तकाची की एका प्रतीची, हे काम सुरू करण्यापूर्वीच ठरवायला हवे.

दुसरी पायरी अक्षरांची. इथे मराठीच्या खास अडचणी सुरू होतात. ज्या अकादमीत आपण बसलो आहोत त्या शब्दाचेच उदाहरण घ्या. तो ‘ॲकॅडमी’ असा लिहिला, तर त्यातला ‘ॲ’ दोन प्रकारे टंकता येतो. युनिकोडमध्ये त्यासाठी एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि ‘अ’ला वर चंद्र जोडूनही तो तयार होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ्य, ऱ्ह असाच दोन मार्गांनी लिहिला जातो. त्यात शेवटी राहिलेली एखादी मोकळी जागा भर घालते. ती दिसत नाही, पण तिच्यामुळे एकाच लेखकाचे दोन होतात. अशा मोकळ्या जागा एक्सेलचे ट्रिम हे सूत्र काढून टाकते. अक्षरांसाठी मात्र ‘आम्ही हाच प्रकार वापरू’ असा नियम करावा लागतो आणि शोधा-बदला वापरून सगळी यादी एकदा त्या नियमात बसवावी लागते.

युनिकोड येण्यापूर्वीच्या जुन्या फाँटमध्ये केलेल्या याद्या ही आणखी एक डोकेदुखी. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. अशी यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी, मग जाणकाराने वाचून दुरुस्त करावी. रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात आणि ती ओळखायला मराठी वाचणाराच लागतो.

वर्णानुक्रमाचेही तसेच आहे. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या संकेतांकांत तो ल च्या लगेच पुढे आहे. यादी निव्वळ संकेतांकांच्या क्रमाने लावली, तर ळ असलेले शब्द भलत्याच जागी जाऊन बसतात. आणि ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर वाटते, पण एक्सेलला लांबी विचारली तर उत्तर येते सहा. त्यामुळे पहिली दोन-तीन अक्षरे कापून घेणारी सूत्रे मराठीवर चालवताना जोडाक्षर मधोमध तुटते.

तिसरी पायरी सावधगिरीची. एक्सेल आपल्या मदतीसाठी काही गोष्टी न विचारता करतो. दाखल क्रमांक ००७५ असेल तर पुढची शून्ये गाळून ७५ ठेवतो. कपाट १२, फळी ५ हे इंग्रजी आकड्यांत तिरपी रेघ घालून लिहिले की त्याची तारीख करतो. शास्त्रज्ञही या त्रासातून सुटले नाहीत. ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशा नावांच्या जनुकांच्या याद्यांत एक्सेलने तारखा घातल्या. शेवटी मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० साली नियम प्रसिद्ध केले आणि अशी नावेच बदलली गेली. आपल्याला उपाय सोपा आहे. भरायला सुरुवात करण्यापूर्वी असा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवून टाकावा. ज्या रकान्याची बेरीज करायची, तो मात्र खऱ्या आकड्यांचाच हवा, कारण मजकूर म्हणून बसलेला आकडा एक्सेल रकान्याच्या बेरजेत धरत नाही आणि तसे सांगतही नाही.

एक्सेलचे कॅलेंडर १ जानेवारी १९०० ला सुरू होते. त्याआधीची तारीख त्याला तारीख म्हणून कळत नाही. आपल्याकडची कितीतरी पुस्तके त्याआधीची आहेत आणि त्यांवर शके छापलेले आहे. शके १८१२ म्हणजे इसवी १८९० किंवा १८९१. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. महिना ठाऊक नसेल तर कोणते वर्ष धरायचे हे यादी करणाऱ्याने ठरवायचे. म्हणून मी दोन रकाने ठेवायला सांगतो, एक ‘छापल्याप्रमाणे’ आणि दुसरा ‘इसवी सन’. मूळ नोंद कधी पुसू नये. वर्ष माहीतच नसेल तर सेल रिकामा ठेवावा, शून्य लिहू नये. शून्य हा आकडा आहे, तो सरासरीत शिरतो.

आता चौथी पायरी, डेटाबेस. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी अशी मांडणी सुचवली की माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहावी आणि तक्ते ओळख क्रमांकांनी जोडावेत. पुढे १९७४ मध्ये तिथल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. गडकऱ्यांचा प्रश्न या पद्धतीने सुटतो. एक तक्ता व्यक्तींचा, त्यात गडकऱ्यांना एक क्रमांक, समजा १७. दुसरा तक्ता नावांचा, त्यात राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम या तीन ओळी, तिघींपुढे १७. तिसरा पुस्तकांचा, त्यात मुखपृष्ठावर छापलेलेच नाव. आता कोणत्याही नावाने शोधा, सगळी पुस्तके हाती येतात आणि कोणते पुस्तक कोणत्या नावाने आले ही वाङ्मयेतिहासाची माहितीही शाबूत राहते.

जुन्या ग्रंथपालांना ही कल्पना नवी वाटणार नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले आणि तिथल्या ग्रंथालयांची घडी बसवली. ग्रंथालयांच्या कार्डांच्या कपाटात ‘गोविंदाग्रज – पाहा : गडकरी’ अशा प्रकारचे कार्ड असते. नावांचा तक्ता म्हणजे त्या ‘पाहा’ कार्डांचाच गठ्ठा. गावांनाही हेच लागू आहे. बडोदे, बडोदा, वडोदरा, इंदूर, इंदौर, बेळगाव, बेळगावी, ग्वाल्हेर, ग्वालियर. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या बहुतेक केंद्रांना दोन-दोन, तीन-तीन नावे आहेत. प्रकाशनस्थळावरून मोजणी करायची तर गावांचाही असा तक्ता हवाच.

पाचवी पायरी मोजणीची. तक्ते जोडताना ओळी गुपचूप गळतात. एसक्यूएलमधली साधी जोडणी दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवते. ज्याचा लेखक नावांच्या तक्त्यात नाही ते पुस्तक उत्तरातून नाहीसे होते. तिथे ‘लेफ्ट जॉइन’ वापरली की सगळी पुस्तके राहतात आणि न जुळलेली वेगळी दिसतात. एक्सेलच्या व्हीलुकअपमध्ये शेवटची सूचना द्यायची राहिली, तर तो अचूक जुळणीऐवजी जवळपासची जुळणी घेतो आणि भलतेच नाव आणून देतो. म्हणून प्रत्येक पायरीच्या आधी आणि नंतर ओळी मोजाव्यात. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरदात कोविडचे सुमारे १६ हजार रुग्ण दैनंदिन मोजणीतून सुटले, कारण माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फायलीत भरली जात होती आणि त्या फायलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. त्यांच्या संपर्कातल्या माणसांना सूचना जायला उशीर झाला. दोन्ही टोकांच्या ओळी मोजून ताडून पाहिल्या असत्या, तर गळती तिथेच कळली असती.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. या कामाला ‘डेटा साफ करणे’ म्हणतात. शब्द झाडूपोछाचा आहे, काम मात्र निर्णयाचे आहे. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून जी नावे सांगितली, ती १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या आणि गट करून शेवटी १२१ भाषा. त्यांत मराठीपुढे ८ कोटी ३० लाख हा आकडा आहे. कोणते नाव कोणत्या भाषेखाली धरायचे हे कोणीतरी ठरवले, तेव्हाच हा आकडा तयार झाला. आपल्या यादीतही गोविंदाग्रज आणि गडकरी एक धरायचे की वेगळे, अनुवादित पुस्तक मूळ लेखकाखाली की अनुवादकाखाली, हे ठरवावेच लागते. हे निर्णय एखाद्या कंत्राटदाराच्या टंकलेखकावर सोडायचे, की मराठीच्या शिक्षकाने, वाचकाने घ्यायचे? सूत्रे पंधरा दिवसांत शिकून होतात. बाळकराम कोण हे ठाऊक असायला मात्र वाचन लागते, आणि ते या सभागृहात आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या गावच्या वाचनालयात जा आणि ग्रंथपालांच्या परवानगीने फक्त शंभर पुस्तकांची यादी करा. मूळ यादीची एक प्रत तशीच ठेवा, तिला हात लावू नका. दुसऱ्या प्रतीवर काम करा आणि केलेला प्रत्येक निर्णय तारखेसह वेगळ्या पानावर लिहा. उद्या दुसऱ्या कोणाला तो पटला नाही, तर तो बदलता आला पाहिजे. शंभर पुस्तके नीट झाली की पुढची हजार सोपी जातात. शिक्षकांनी त्या याद्या तपासाव्यात, शुद्धलेखन तपासतो तशाच. पुढच्या वर्षी अशा दहा याद्या एकत्र आल्या, तर त्या जोडून दाखवायला मी जरूर येईन.