समुपदेशकाच्या कपाटातली वही



शाळेत समुपदेशक असतो, तो मुलांशी बोलतो, हे आता पालकांना ठाऊक झालंय. पण बोलणं झाल्यावर तो काय लिहितो आणि ते कागद कुठे ठेवतो, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारायला हवं.

'मुलगा उद्धट आहे' ही नोंद नव्हे, तो शेरा झाला. 'तीनदा विचारलं, उत्तर दिलं नाही. नखं कुरतडत होता. निघताना म्हणाला, बाई, घरी सांगू नका.' ही नोंद. सोबत तारीख, काय ठरलं आणि पुन्हा कधी भेटायचं. ही वही जनरल रजिस्टरशेजारी ठेवायची नाही. कपाट वेगळं, किल्ली एकाच्याच हाती. वर्गशिक्षकांना कामापुरतं सांगावं, आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अवाक्षरही नाही.

मात्र 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन मुलाला देता येत नाही. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच भेटीत मुलाला सांगून टाकावं.

आता सुरक्षा आराखडा. मूल 'जगावंसं वाटत नाही' म्हणालं, की काही शाळा घाबरून लिहून घेतात: 'मी असं काही करणार नाही.' खाली पालकांची सही. असला कागद शाळेच्या बचावाचा. त्याऐवजी मुलाच्या कामी येतो तो आराखडा. अमेरिकेत बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी सहा पायऱ्यांचा छोटा आराखडा तयार केला. धोक्याची चाहूल कशी लागते, तेव्हा एकट्यानं काय करायचं, कुठे कुणात गेलं की मन दुसरीकडे वळतं, मदत कुणाकडे मागायची, डॉक्टर-समुपदेशकांचे नंबर, आणि शेवटी घर सुरक्षित करणं.

हा आराखडा त्या मुलाच्या किंवा मुलीच्याच शब्दांत हवा. 'नैराश्याची लक्षणं' लिहून काय उपयोग? 'जेवणं झाली की छातीत धडधडतं, मग मी फोन बंद करून पडून राहते', असं हवं. 'मोठ्यांशी बोलेन' नको. शेजारच्या मावशी, तर मावशी. पण त्यांना आधी विचारलेलं असावं.

शेवटची पायरी पालकांची. गोळ्या, फवारणीचं औषध कुलपात. टोकाची ऊर्मी बहुधा ओसरते, तेवढा वेळ हाती यायला हवा. माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच, आणि 'आमच्या घरी तसलं काही नाही' म्हणून टाळली जाते तीही हीच.

२०१८ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. आराखडा मिळालेल्या रुग्णांत पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. ती मोठी माणसं होती, शाळकरी मुलं नव्हेत. शिवाय त्यांना नंतर नियमित फोनही केले जात. म्हणूनच वहीतली पुढच्या भेटीची तारीख महत्त्वाची.

तेव्हा पालकहो, पुढच्या सभेला गुणांबरोबर हेही विचारा: वही कुठे असते, किल्ली कुणाकडे? आणि एक नंबर लिहून घ्या. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.