सतरा अंकांची डेम्लो संख्या

वडशाहून बोलतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण आजचा गुणाकार मोबाईलला नीट जमत नाही. नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि हिला हिनेच गुणा. बऱ्याच फोनवर १.२३४५ असं काहीतरी येतं, मागे दहाचा सोळावा घात आणि शेवटचे अंक गायब. पोरं म्हणतात, आलं की उत्तर! नाही आलं. कागदावर करा: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, पुढून वाचा की मागून, तेच.

अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. डेम्लो हे जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरचं स्टेशन, आजचं डोंबिवली, असं सांगतात. कल्पना तिथे सुचली म्हणे. (वडसा स्टेशनवर गोंदियाच्या गाडीची वाट पाहतानाही विचाराला वेळ मिळतोच.)

आता हे घडतं कसं? गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज करा: कडेच्या घरात एक, पुढे दोन, तीन, मधल्या घरात पुरे नऊ, मग उतरण. हातचा कुठेच नाही. आता दहा वेळा एक घ्या. मधल्या घरात दहा झाले, हातचा आला, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गेला, मध्ये दोन शून्यं.

आपल्या सतरा अंकांची बेरीज करा, ८१ येते. त्या ८१ ने संख्येलाच भागा: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं. यात योगायोग अर्धाच आहे. १११११११११ च्या अंकांची बेरीज नऊ, म्हणून तिला नऊने भाग जातो. मग वर्गाला ८१ ने जाणारच. वर्गाच्या अंकांची बेरीजही नेमकी ८१ येते, कारण हातचा नाही.

इंग्लंडचे जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी'त अंकांच्या अशा गमती कोड्यांच्या सदरापुरत्या ठरवल्या. इथेही कापरेकरांना बरेच जण गांभीर्यानं घेत नव्हते; जगभर नाव झालं ते १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर. हार्डींचा मुद्दा पोकळ नाही. ही संख्या सुंदर दिसते ती आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून. पण मग विचारा ना, बाराच्या पटीत मोजलं तर? तेव्हा हातचा अकरा एकांपर्यंत येत नाही, बाराव्याला येतो. कितीच्याही पटीत मोजा, त्याहून एक कमी इतक्या एकांपर्यंत डोंगर शाबूत राहतो. हे एका संख्येपुरतं नाही, सगळीकडे लागू आहे, आणि सिद्धता सातवीतली पोरगी देऊ शकते. मी तरी याला गणितच म्हणतो.

आठच्या पटीत सात एकांचा वर्ग करून बघा, उत्तर कळवा. पुढच्या भागात ६१७४.