मुलांचे ऐकणारी मुले
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे बोलणे गिरणीतल्या माणसाचे, चालवून घ्या. गिरणीत नवा पोरगा साच्यावर आला की जॉबर त्याला शिकवीत नसे. शेजारच्या साच्यावरचा, दोन वर्षं आधी लागलेला गडी शिकवी. तुटलेला धागा कसा जोडायचा हे तोच दाखवी, आणि घरातलं दुःखही पोरगा त्यालाच सांगे. जॉबरला कोण सांगणार?

शाळेतही तेच आहे. बाप पितो, वर्गात जातीवरून टोमणे बसतात, नववीतच लग्न ठरतंय, हे पोर सरांना सांगत नाही. मैत्रिणीला सांगते. मग त्या मैत्रिणीलाच नीट ऐकायला शिकवावे, एवढीच ही योजना.

सरकारलाही हे पटलेले आहे. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींतूनच त्यांचे सोबती निवडून तयार करायचे ठरले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे बजावले. कागद आहे, शाळेला विचारायचे काम आपले.

निवड सरांनी करू नये. सर हुशार मॉनिटरच निवडतील, आणि त्याला नापासाचे दुःख काय कळणार! आठवी-नववीच्या पोरांना चिठ्ठीवर लिहू द्या, मनातलं कोणाला सांगाल? दोन मुलगे, दोन मुली निघतील. त्यांना शिकवायचे ते हे की ऐकावे, उपदेश करू नये, ऐकलेले गावभर करू नये. पण कोणी जीव द्यायचे बोलले, किंवा कोणी अंगाला हात लावतो म्हणाले, तर गुपित तिथे संपले. त्याच दिवशी बाईंना किंवा सरांना सांगायचे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा टेली-मानसचा नंबर वर्गात लावून ठेवायचा. दर आठवड्याला समुपदेशकाने या चौघांनाही बसवून विचारावे. दुसऱ्याचं ओझं चौदा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर सोडून मोकळं होणं म्हणजे पोराकडून फुकट काम करून घेणं.

पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. एकट्याचे कोणी ऐकत नाही. एक खाडा पडला तरी चालेल, असे चार पालक मला पाहिजेत, त्यात दोन तरी आया. नावे आजच द्या. शिकवणीला रविवारी विहाराची मागची खोली मोकळी असते.