सी. के. नायडूंच्या आधीचा विठ्ठल

वरंधला भाताची कापणी आटोपली की खाचरांत स्टंप उभे राहतात. बांधापलीकडे चेंडू गेला की षटकार, आणि तो मारणाऱ्या पोराचे नाव पुढच्या शिमग्यापर्यंत गावाच्या तोंडी असते. त्या पोराला विचारा, आपल्या मुलुखातला पहिला नामांकित फलंदाज कोण? फार झाले तर तो सी. के. नायडूंचे नाव घेईल. ते खरेच आहे म्हणा! १ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्यावर इंग्लंडच्या पाहुण्या संघाविरुद्ध नायडूंनी १५३ धावा काढल्या, त्यात ११ षटकार होते. पण नायडूंच्याही आधी ज्याची बॅट पाहायला माणसे मैदानाकडे धावत, त्या पळवणकर विठ्ठल यांचे नाव आज किती जणांना आठवते?

पळवणकर हे आडनाव आपल्या कोकणचे, समाज चर्मकारांचा. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत असे चार भाऊ, चौघेही क्रिकेट खेळले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेले सामान घेऊन थोरले दोघे पुण्यात खेळू लागले. त्यांतले बाळू म्हणजे डावखुऱ्या फिरकीचे बादशहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. एवढा मोठा गोलंदाज, पण पुण्यात त्याला चहा मिळे तो तंबूबाहेर, मातीच्या भांड्यातून. बाकीचे खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपांतून पीत. चेंडू मात्र सर्वांच्या हातांतून फिरे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता!

विठ्ठल या बाळूंचे धाकटे भाऊ आणि हिंदू संघाचे आघाडीचे फलंदाज. मुंबईचे हे सामने धर्मावर आधारलेले. आधी युरोपियन आणि पारशी, १९०७ पासून हिंदू, १९१२ पासून मुसलमान. धावाही तेव्हा स्वस्त नव्हत्या. १९०६ च्या गाजलेल्या सामन्यात हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा साहेबांचा दुसरा डाव १०२ मध्ये संपला होता. त्या काळातल्या पन्नास धावांचे मोल आजच्या आकड्यांनी मोजू नये.

संघाचे कप्तानपद मात्र नुसत्या बॅटीने मिळत नव्हते. १९२० साली बाळूंना वगळले आणि विठ्ठलांना डावलून कप्तानपद दुसऱ्याकडे गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम गप्प बसले नाहीत. जाहीर पत्रक काढून ते संघाबाहेर पडले. वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला आणि अखेर बाळूंना उपकप्तान करून तडजोड झाली. आपल्या संघाला ऐन सामन्यात सोडणे कोणत्या खेळाडूला आवडेल? पण अपमान गिळून फटके मारत राहणे त्याहून कठीण, असे त्या दोघांना वाटले असावे.

१९२३ साली विठ्ठल कप्तान झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले, आणि लोकांनी कप्तानाला खांद्यावर घेतले. ज्यांच्या घरी त्याला पाण्याचा पेला मिळाला नसता, अशांचेही खांदे त्यांत होते.

आता वर्ष ध्यानात घ्या. त्याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. वरंधची माणसे बाजाराला जातात त्या महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तो ठराव आपला म्हटला. ठराव कागदावर राहिला. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह यावे लागले. पुढे तळे 'शुद्ध' करण्याचे सोपस्कारही झाले. मैदानावर खांदे मिळून तीन-चार वर्षे उलटली होती, तळ्याची पायरी तोवर दूरच होती.

भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ चा. विठ्ठलांचे दिवस तोवर सरले होते. कसोटीच्या यादीत नाव नाही, मग स्मरणातही नाही! १९४८ साली त्यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले, आणि मराठीतच लिहिले. महाडकडे किंवा मुंबईकडे जाल तेव्हा एखाद्या जुन्या वाचनालयात विचारून पाहा. कपाटाच्या मागच्या रांगेत एखादी प्रत असेलही.